ओळखीचा पुरावा, डिजिटल पाकीट आणि खासगीपणाचा हक्क

बँकेत खाते उघडणे, मोबाइलचे सिमकार्ड घेणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, परीक्षा केंद्रात प्रवेश मिळविणे किंवा परगावी भाड्याने खोली घेणे, अशा प्रत्येक प्रसंगी नागरिकाला आपली ओळख सिद्ध करावी लागते. पूर्वी यासाठी ओळखपत्राची झेरॉक्स प्रत पुरेशी होती. आता तिची जागा भ्रमणध्वनीतील डिजिटल पाकीट घेऊ लागले आहे. या बदलामुळे वेळ व खर्च वाचतो आणि बनावट कागदपत्रांना आळा बसतो, हे खरेच आहे. परंतु त्यातून एक मूलभूत प्रश्नही उभा राहिला आहे. ओळख सिद्ध करताना नागरिकाने स्वतःविषयी किती माहिती द्यावी आणि ती मर्यादा कोणी ठरवावी? स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने राज्यघटना, माहिती तंत्रज्ञान व प्रशासन या तिन्ही विषयांना हा प्रश्न स्पर्श करतो. म्हणून त्याचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

डिजिटल पाकीट म्हणजे काय?

डिजिटल पाकिटाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत होता कामा नये. पहिल्या प्रकारात पैसे साठविले जातात व त्यातून देयके भागविली जातात. अशा पाकिटांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते. दुसऱ्या प्रकारात पैशांऐवजी प्रमाणपत्रे ठेवली जातात. जन्मदाखला, गुणपत्रिका, वाहन चालविण्याचा परवाना, जातीचा दाखला इत्यादी दस्तऐवज त्यात मूळ संस्थेच्या डिजिटल स्वाक्षरीसह असतात. भारतात १ जुलै २०१५ रोजी डिजिटल इंडिया कार्यक्रमाबरोबर सुरू झालेले डिजिलॉकर हे या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण होय. २०१६ च्या नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, डिजिलॉकरद्वारे निर्गमित झालेला दस्तऐवज मूळ कागदी दस्तऐवजाच्या बरोबरीचा मानला जातो.

ओळखीच्या व्यवहारात तीन पक्ष असतात. प्रमाणपत्र देणारा, ते बाळगणारा आणि ते तपासणारा. जबलपूर शहरातील गोहलपूर या वस्तीत राहणारा एखादा विद्यार्थी उदाहरणादाखल घेता येईल. त्याला पदवी देणारे विद्यापीठ हा पहिला पक्ष, विद्यार्थी स्वतः दुसरा, आणि त्याला नोकरी देऊ पाहणारी संस्था तिसरा. संस्थेला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच की, त्याच्याकडे अमुक विषयाची पदवी आहे की नाही. परंतु संपूर्ण दस्तऐवज सादर केला की पदवीबरोबर जन्मतारीख, वडिलांचे नाव, छायाचित्र, पत्ता अशी कितीतरी माहिती तपासणाऱ्याच्या हाती जाते.

ही अतिरिक्त माहिती निरुपद्रवी नसते. भारतीय समाजात नाव, वडिलांचे नाव आणि वस्ती या तीन गोष्टींवरून जात, धर्म व आर्थिक स्थिती यांचा अंदाज बांधला जातो. परगावी खोली शोधणारा विद्यार्थी किंवा नोकरीसाठी अर्ज करणारी तरुणी यांच्या बाबतीत हा अंदाजच निर्णायक ठरू शकतो. गोहलपूरच्या विद्यार्थ्याची पात्रता त्याच्या पदवीवरून ठरावी, वस्तीच्या नावावरून नव्हे, अशी अपेक्षा असेल तर वस्तीचे नाव विचारण्याचे कारण आधी तपासले पाहिजे. खासगीपणाचे संरक्षण हा केवळ गुप्ततेचा विषय नसून समान संधीचाही विषय आहे, तो या अर्थाने.

घटनात्मक पार्श्वभूमी : जबलपूरचा खटला आणि त्यानंतर

खासगीपणाच्या घटनात्मक इतिहासातही जबलपूरचे नाव महत्त्वाचे आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. २७ जून रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ खालील हक्कांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्थगित करण्यात आली. स्थानबद्ध व्यक्तींच्या याचिका ऐकता येतात, असा निर्णय मध्य प्रदेश उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांनी दिला. त्याविरुद्धची अपिले ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने सर्वोच्च न्यायालयापुढे आली. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने शासनाची बाजू मान्य झाली. बहुमतात सरन्यायाधीश अ. ना. राय, न्या. एम. एच. बेग, न्या. य. वि. चंद्रचूड आणि न्या. पी. एन. भगवती होते. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य ही राज्यघटनेने दिलेली देणगी नसून ते हक्क राज्यघटनेच्याही आधीपासून आहेत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. पुढे १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली.

खासगीपणाचा स्वतंत्र उल्लेख राज्यघटनेत नाही. १९५४ च्या एम. पी. शर्मा आणि १९६२ च्या खरकसिंग खटल्यांत या हक्कास मान्यता मिळाली नव्हती. १९७५ मधील ‘गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या खटल्यात पोलिसांच्या पाळतीचे व रात्रीच्या घरभेटींचे नियम आव्हानास पात्र ठरले. न्यायालयाने ते नियम रद्द केले नाहीत. मात्र असा हक्क राज्यघटनेतून उद्भवू शकतो आणि सबळ सार्वजनिक हितासाठीच त्यावर मर्यादा घालता येते, ही दिशा दाखविली.

या सर्व मतमतांतरांचा निर्णय २४ ऑगस्ट २०१७ रोजी लागला. आधार योजनेला आव्हान देणाऱ्या, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या २०१२ मधील याचिकेच्या निमित्ताने नऊ न्यायाधीशांचे घटनापीठ बसले होते. खासगीपणा हा अनुच्छेद २१ चा व एकूणच मूलभूत हक्कांचा अंगभूत भाग आहे, असा निर्णय या पीठाने एकमताने दिला. याच निकालाने १९७६ चा जबलपूर खटल्यातील निर्णय चुकीचा ठरवून रद्दबातल केला. तसे स्पष्टपणे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील न्या. य. वि. चंद्रचूड यांचे पुत्र होत.

खासगीपणावर मर्यादा घालावयाची झाल्यास शासनाला तीन कसोट्या पूर्ण कराव्या लागतात. त्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू वैध हवा आणि योजलेला उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. ओळखीच्या पडताळणीला तिसरी कसोटी, म्हणजे प्रमाणबद्धता, सर्वाधिक लागू पडते. वय विचारण्याची गरज असेल तेथे पत्ता घेणे हे प्रमाणाबाहेरचे ठरते.

टेंभलीपासून आधारपर्यंत

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्ये झाली. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले. ज्यांच्याजवळ कोणताही पुरावा नव्हता अशा गरिबांना ओळख मिळवून देणे, हा या योजनेचा घोषित हेतू होता. ओळखीचा अभाव हादेखील अन्यायच असतो, हे विसरून चालणार नाही. खासगीपणाच्या नावाखाली ओळखच नाकारणे हा उपाय नव्हे. ओळख मिळावी आणि तिची किंमत कमीत कमी माहितीत मोजली जावी, हे उद्दिष्ट असले पाहिजे.

आधार कायदा २०१६ मध्ये झाला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक बहुमताने योजना वैध ठरविली. मात्र खासगी कंपन्यांना करारान्वये आधार वापरू देणारा कलम ५७ चा भाग, तसेच बँक खाते व मोबाइल क्रमांक यांची सक्तीची जोडणी रद्द केली. पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवू नयेत, असेही सांगितले. न्या. धनंजय चंद्रचूड यांचे मत या वेळी विरोधी होते. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने वापर आणि ऑफलाइन पडताळणी यांना कायद्यात स्थान मिळाले. जानेवारी २०२५ मधील नियमांनी सार्वजनिक हिताच्या विशिष्ट सेवांसाठी खासगी संस्थांनाही मंजुरी घेऊन आधार पडताळणी वापरण्याची वाट खुली केली. तपासणाऱ्यांची संख्या वाढते, तशी कमी माहिती देण्याच्या साधनांची गरजही वाढते.

कमी माहिती देण्याची उपलब्ध साधने

यातील काही साधने प्रचलित व्यवस्थेतच आहेत. परंतु त्यांचा परिचय कमी आहे.

पहिले साधन म्हणजे झाकलेले आधार. यात बारा अंकांपैकी केवळ शेवटचे चार अंक दिसतात. दुसरे साधन २०१८ मध्ये सुरू झालेला सोळा अंकी आभासी क्रमांक. तो नागरिकाला केव्हाही बदलता येतो आणि त्यावरून मूळ आधार क्रमांक काढता येत नाही. त्याच वर्षी आलेल्या टोकन पद्धतीत एकाच व्यक्तीसाठी वेगवेगळ्या संस्थांना वेगवेगळे सांकेतिक चिन्ह दिले जाते. दोन संस्थांनी आपापल्या याद्या जुळवून पाहिल्या, तरी केवळ या चिन्हावरून व्यक्ती ओळखता येऊ नये, हा त्यामागील उद्देश आहे. तिसरे साधन म्हणजे ऑफलाइन ई-केवायसी. नागरिक प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असलेली फाइल स्वतः उतरवून घेतो, तिला चार अक्षरांचा संकेत लावतो व ती तपासणाऱ्यास देतो. त्या फाइलमध्ये संपूर्ण आधार क्रमांक नसतो. पडताळणी कोठे झाली याची नोंदही प्राधिकरणाकडे जात नाही. २०२५ मध्ये आलेल्या नव्या आधार अॅपमध्ये निवडक माहितीच देण्याची सोय करण्यात आली आहे.

मे २०२२ मधील एक घटना या संदर्भात बोलकी आहे. प्राधिकरणाच्या बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालयाने आधारची झेरॉक्स प्रत कोणालाही देऊ नये, झाकलेले आधार वापरावे आणि इंटरनेट कॅफेतील संगणकावर आधार उतरवून घेणे टाळावे, असा सल्ला प्रसिद्ध केला. त्याचा विपर्यास होईल, या कारणास्तव तो दोन दिवसांत मागे घेण्यात आला व नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी, असे सांगण्यात आले. सल्ला मागे घेतला गेला तरी त्यातील साधने कायम आहेत, हे लक्षात ठेवावे.

निवडक प्रकटन कसे घडते?

वरील साधने क्रमांक झाकतात, पण नाव व पत्ता पुष्कळदा दिलाच जातो. याच्या पुढची पायरी म्हणजे निवडक प्रकटन. प्रमाणपत्रातील हवी तेवढीच बाब दाखवायची आणि तरीही तिची सत्यता सिद्ध करायची, असे हे तंत्र आहे.

ते एका दृष्टांताने समजून घेता येईल. विद्यापीठाने विद्यार्थ्याची प्रत्येक बाब, म्हणजे नाव, जन्मतारीख, पदवी व पत्ता, स्वतंत्र लिफाफ्यात घालून प्रत्येक लिफाफ्यावर वेगळी मोहर उमटविली. मग सर्व मोहरांची यादी करून त्या यादीवर स्वाक्षरी केली. विद्यार्थी तपासणाऱ्याला स्वाक्षरी असलेली यादी आणि फक्त पदवीचा लिफाफा देतो. मोहर यादीशी जुळते, स्वाक्षरी खरी ठरते आणि उरलेले लिफाफे बंदच राहतात. संगणकात मोहरेचे काम ‘हॅश’ नावाची गणिती क्रिया करते. जन्मतारखेसारखी बाब अंदाजाने शोधून काढता येऊ नये म्हणून प्रत्येक बाबीसोबत एक यादृच्छिक संख्याही मिसळली जाते. चालक परवान्याविषयीचे २०२१ चे आंतरराष्ट्रीय मानक याच तत्त्वावर आधारलेले आहे.

तथापि यातही एक उणीव राहते. यादीवरील स्वाक्षरी प्रत्येक ठिकाणी तीच असते. नाव न सांगताही, काल दुकानात आलेली व्यक्ती आज रुग्णालयात आली, हे त्या स्वाक्षरीवरून जुळविता येते. यावर दोन उपाय आहेत. एक, पाकिटात एकदाच वापरावयाच्या अनेक प्रती ठेवणे. दुसरा, शून्यज्ञान पुरावा. गोल्डवासर, मिकाली व रॅकॉफ या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या कल्पनेत एखादे विधान खरे असल्याचे सिद्ध होते, पण त्यापलीकडे काहीही कळत नाही. ‘वय १८ वर्षे पूर्ण आहे’ हे कळते. जन्मतारीख कळत नाही.

तिसरी काळजी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेविषयी घ्यावी लागते. प्रत्येक तपासणीच्या वेळी पाकीट जर मूळ संस्थेला विचारणा करीत असेल, तर नागरिक कोठे कोठे गेला याची दैनंदिनीच तिच्याकडे तयार होते. म्हणून तपासणी मूळ संस्थेला न कळविता होणे, हे चांगल्या रचनेचे लक्षण मानले जाते.

कायदा : मागणाऱ्यावर मर्यादा

तंत्रज्ञान नागरिकाला कमी माहिती देण्याची सोय करून देते. परंतु खिडकीपलीकडचा माणूस पूर्ण दस्तऐवजच मागू लागला, तर त्या सोयीचा उपयोग राहत नाही. नोकरी, खोली किंवा कर्ज यांची गरज असलेली व्यक्ती नकार देण्याच्या स्थितीत नसते. तिची संमती कागदावर असते, प्रत्यक्षात नाही. या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. मर्यादा मागणाऱ्यावर हवी आणि ती घालण्याचे काम कायद्याचे आहे.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल व विधेयकाचा मसुदा सादर केला. २०१९ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. अखेर ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. माहिती वापरणाऱ्या संस्थेला त्यात ‘डेटा फिड्युशिअरी’, म्हणजे विश्वस्त, म्हटले आहे. कलम ६ नुसार, संमती दिली असली तरी ती विशिष्ट हेतूसाठी आवश्यक असलेल्या माहितीपुरतीच ग्राह्य ठरते. कायद्यातीलच उदाहरण असे : दूरवैद्यकीय सेवेच्या अॅपने वापरकर्त्याची संपर्क यादी मागितली व त्याने होकार दिला, तरी त्या सेवेला संपर्क यादी लागत नसल्याने तो होकार तेवढ्यापुरता निष्फळ ठरतो. सुरक्षाविषयक कर्तव्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शासकीय यंत्रणांना काही कारणांसाठी सवलती देण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे असून, त्यांच्या व्याप्तीवर टीकाही झाली आहे.

या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने असून बहुतेक कर्तव्ये अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. त्यासाठी पालकाची ओळख व वय यांच्याशी निगडित आभासी टोकन डिजिटल लॉकर सेवेमार्फत देता येईल, असा मार्ग नियमांत दिला आहे. दस्तऐवजाऐवजी केवळ वस्तुस्थिती सिद्ध करण्याच्या दिशेने हे एक पाऊल होय.

युरोपचा अनुभव

युरोपीय संघाचा यासंबंधीचा सुधारित नियम मे २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार सदस्य राष्ट्रांनी २०२६ अखेरपर्यंत नागरिकांना ओळख पाकीट उपलब्ध करून द्यावयाचे आहे. त्यातील चार तरतुदी अभ्यासण्याजोग्या आहेत. माहिती मागणाऱ्या संस्थेने आधी नोंदणी करून आपण कोणती माहिती मागणार हे जाहीर करावे व त्यापलीकडे मागू नये. कायद्याने खरी ओळख आवश्यक नसेल तेथे टोपणनाव नाकारू नये. कोणाला काय दिले याची नोंद वापरकर्त्याला पाहता यावी. आणि पाकीट न वापरणाऱ्यास कोणत्याही सेवेपासून वंचित ठेवू नये. या चारही तरतुदींत बंधन मुख्यत्वे व्यवस्थेवर आहे, नागरिकावर नाही.

पाकिटाच्या मर्यादा

डिजिटल पाकीट हे सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. पाकीट पुरावा पोहोचविते, तो अधिक खरा करीत नाही. २०२४ मध्ये मोटार अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. तसेच कलम ९ नुसार आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. कोणती वस्तुस्थिती सिद्ध करावयाची आहे, हे ठरल्याशिवाय पुरावा निवडता येत नाही.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. अनेक कुटुंबांत एकच भ्रमणध्वनी सर्वजण वापरतात. मध्य प्रदेशातील एमपी ऑनलाइनचे केंद्र असो वा महाराष्ट्रातील महा ई-सेवा केंद्र, अर्ज पुष्कळदा दुसऱ्याच्या हाताने भरला जातो आणि ओटीपीही त्यालाच सांगितला जातो. अशा ठिकाणी केंद्रचालकाचे प्रशिक्षण व त्याची जबाबदारी यांना तंत्रज्ञानाइतकेच महत्त्व आहे.

समारोप

ओळखपत्र हाती देणे आणि एखादी वस्तुस्थिती सिद्ध करणे या भिन्न गोष्टी आहेत. वय, पदवी किंवा रहिवास यांपैकी जे विचारले जाईल तेवढेच सिद्ध करण्याची सोय तंत्रज्ञानाने दिली आहे. विचारणाऱ्याने गरजेपुरतेच विचारावे, हे पाहण्याचे काम कायद्याचे आहे. प्रमाणबद्धतेचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातून शाळा, कार्यालय व सेवा केंद्राच्या खिडकीपर्यंत पोहोचले, तरच २०१७ च्या निर्णयाचा लाभ सामान्य नागरिकाला मिळाला असे म्हणता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १९७६ चा जबलपूर खटला आणि २०१७ चा पुट्टस्वामी निकाल यांतील संबंध स्पष्ट करा.

२. निवडक प्रकटन व शून्यज्ञान पुरावा यांतील फरक उदाहरणासह सांगा.

३. ‘केवळ संमतीने खासगीपणाचे रक्षण होत नाही.’ डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या आधारे चर्चा करा.